देवदारी फळीतलं छिद्र

फळीतल्या छिद्राचा व्यास पुढच्या बाजूला चार पूर्णांक चार दशांश मिलिमीटर आहे. मागच्या बाजूला ते फाटत जाऊन अकरा मिलिमीटर झालं आहे आणि तिथे लाकडाच्या चार बारीक ढलप्या बाहेर वळल्या आहेत. पुढच्या कडेभोवती एक फिकट पिवळं वर्तुळ आहे; ते लाकडाचं नाही. फळी देवदारी, सफरचंदाच्या खोक्याची, जाडी बावीस मिलिमीटर. आमच्या घरात ती बारा वर्षं ‘एक इंची फळी’ म्हणून ओळखली जात होती. इंच पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटरचा असतो हे मी बेळगावच्या एका कॉलेजात दर जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. घरी मी तो विषय काढला नाही.

फळी बैठकीच्या भिंतीवर टांगलेली होती. खाली चिठ्ठी : ‘विजयादशमी १९७४. अंतर दहा पावलं. डायना.’ अक्षर अण्णाचं, म्हणून छापल्यासारखं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ रवळू. तो कोर्टात नकलनवीस होता. न्यायाधीशांनी दिलेले निकाल सुवाच्य अक्षरात उतरवून काढणं हे त्याचं काम, आणि ते तो निष्ठेने करी. स्वतःचा निकाल मात्र त्याने कधी दिला नाही. कुठलीही गोष्ट विचारली की म्हणायचा, ‘बघू.’ वडिलांनी जाताना माझं लग्न ठरवायचं काम त्याच्यावर सोपवलं होतं. मी अजून अनगोळच्या त्याच घरात राहते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

अण्णाला जुन्या छऱ्याच्या बंदुका जमवायचा नाद होता. कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडे त्याला एक इंग्रजी मासिक मिळालं होतं. त्यात विलायतेतल्या जुन्या बंदुकांच्या मेळ्यांची छायाचित्रं होती : मोठे मांडव, टेबलांवर ओळीने मांडलेल्या बंदुका, भिंग घेऊन वाकलेली म्हातारी माणसं. आमच्या भागात असले मेळे कुठले? आमच्याकडे जत्रा भरते. पण जत्रेत फुगे फोडायचा गाडा असतो आणि गाड्यावर बंदूक असते. साहेब लोक गेले तेव्हा त्यांच्या मुलांच्या बंदुका बंगल्यांतून बाजारात आल्या आणि बाजारातून या गाड्यांवर पोचल्या, हा शोध अण्णाचा होता आणि तो बरोबर होता. म्हणून अण्णा रजा टाकून चिंचलीला, सौंदत्तीला, निपाणीच्या उरुसाला जाई. लोक देवाकडे तोंड करून उभे राहत. हा देवाकडे पाठ करून गाड्यापुढे. लोक घरी अंगारा आणत. हा छऱ्यांची डबी आणी.

डायना त्याला निपाणीला दिसली. जर्मन बंदूक, युद्धाच्या आधीची, अक्रोडाचा दस्ता. गाडेवाला यल्लाप्पा. पहिल्या वर्षी मीही बरोबर होते, म्हणून त्यांचं बोलणं ऐकलं आहे. अण्णाने पाच छरे झाडले. एकही फुगा फुटला नाही. मग त्याने नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खिळा, ज्याला माशी म्हणतात, तो बोटाने चाचपला.

“हिची माशी वाकडी हाय की रं.”

“सायेब, माशी सरळ केली तर मी जेवू काय?”

अण्णाने मग डावीकडे तीन बोटं सोडून नेम धरला आणि ओळीने नऊ फुगे फोडले. यल्लाप्पाने हात जोडले. “फुगं आणिक हाईत, पर माणसं बगायल्यात. तुमी जावा आता.”

बंदूक विकतोस का, हे अण्णाने दुसऱ्या वर्षी विचारलं. तिसऱ्या वर्षी यल्लाप्पाच कंटाळून म्हणाला, “ही घ्या, न्हायतर मला तरी घेऊन जावा. सारखं असं बगू नका.” अण्णाने सायकल देऊन डायना घेतली. निपाणीहून तो एस.टी.ने आला, मांडीवर धोतरात गुंडाळलेली बंदूक घेऊन, आणि त्या दिवसापासून कोर्टात चालत जाऊ लागला.

घरात बंदुका येत गेल्या. पुढे त्या एकोणीस झाल्या. एकीनेही कधी जिवंत वस्तूला इजा केली नाही. वहिनीचे सांडगे गच्चीवर कावळ्यांनी डोळ्यांदेखत नेले, तरी अण्णा बंदुकीला तेलाचं फडकं फिरवत खाली बसलेला असे.

वहिनी, म्हणजे मनुबाई, जांबोटीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तिला बाकीच्या अठरांचं काही नव्हतं, पण डायनावर तिची श्रद्धा बसली. कारण डायनाच्या पोलादावर एका बाईचा छाप आहे. बाईने हातात बंदूक उंच धरली आहे आणि तिचं धनुष्य पायाशी पडलं आहे.

“वन्सं, ही कुठली आई?” तिने मला विचारलं.

“आई नाही. कारखान्याचा शिक्का आहे. रोमन लोकांची शिकारीची देवता.”

“मंजे देवीच की.” तिने छाप पदराने पुसला. “धनुष्य टाकून बंदूक घेतलीया. शिकलेली दिसतीया. तुमच्यागत.”

१९७४ च्या खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, वहिनीने डायना पाटावर मांडली. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ. तिच्या माहेरी नांगराच्या फाळाला आणि गाडीच्या आसाला तेल घातल्याशिवाय पूजा पुरी होत नसे. अण्णा बंदूक मोडतो कशी हे तिने पाहिलं होतं. तिने नळी खाली वाकवली. आत, जिथून दाबलेली हवा येते, तिथे एक बारीक छिद्र असतं. तेच आईचं तोंड, असं समजून तिने त्यात चमचाभर गोडेतेल ओतलं. मी दारात उभी होते. मला वाटलं, आतल्या हवा दाबणाऱ्या दट्ट्याचं कातडं जुनं आहे, थोडं तेल गेलं तर बिघडणार नाही. माझा अंदाज चुकला, पण वेगळ्या दिशेने.

दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनानंतर लोक शिवारात आपट्याची पानं वाटत होते. शेजारचा जोतिबा हवालदारही होता. जोतिबा पलटणीतून निवृत्त झालेला. आमच्या अनगोळात घर सोडून घरी एक सैनिक आहे. अण्णाही तरुणपणी भरतीला गेला होता. छाती अर्धा इंच कमी भरली. ती गोष्ट जोतिबा सणासुदीला काढीत असे.

“काय रवळू, फुग्याची बंदूक आणलाईस व्हय? मारून दाव की काय तरी. फुगा आणू?”

अण्णाने फळी दगडाला टेकवून ठेवली, दहा पावलं मोजली आणि डायना झाडली.

एरवी तिचा आवाज पुस्तक मिटल्यासारखा येई. त्या दिवशी बार झाला. नळीतून निळसर धूर आला. जोतिबाने जाऊन फळी उचलली, छिद्राला डोळा लावला आणि पलीकडून अण्णाकडे पाहिलं.

“आयला,” तो म्हणाला. नंतर हवा हुंगून म्हणाला, “दारूचा वास येतोय बग. अस्सल.”

वास भज्यांच्या तळणीचा होता. पण दसऱ्याचा दिवस, गावभर तळण चाललेलं. कुणाला वेगळा वाटला नाही. जोतिबाने टाचा जुळवून सलाम ठोकला. “शाबास, मेजर!” त्या दिवसापासून अण्णा अनगोळचा मेजर झाला. पोस्टमन, दूधवाला, गिरणीवाला, सगळे मेजर म्हणू लागले. अण्णा चालतानाही जरा छाती काढू लागला. अर्ध्या इंचाने, असा माझा अंदाज आहे.

झालं होतं ते सोपं होतं. दट्ट्या हवा इतक्या झटक्यात दाबतो की ती तापते. तिथे तेल असेल तर पेट घेतं. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं आणि मी ते फळ्यावर आकृती काढून शिकवते. खात्री करायला मी पुढच्या महिन्यात डायना कॉलेजात नेली. मेणाचा ठोकळा दोन दोऱ्यांना टांगून त्यावर छरे मारले, ठोकळा किती हलतो ते मोजलं आणि वेग काढला. सेकंदाला एक्याण्णव मीटर. एवढ्यावर देवदारी फळीत छरा जेमतेम रुतून बसेल. अण्णा दाराशी उभा होता.

“कसा काय हाय येग?”

“चांगला आहे,” मी म्हणाले.

एककाशिवाय मी दिलेलं हे आयुष्यातलं एकमेव उत्तर. पुढच्या खंडेनवमीपासून मी वहिनीला सांगितलं, तेलाने पोलाद खराब होतं, नुसतं फूल वाहा. अण्णाने पुन्हा फळीवर कधी नेम धरला नाही. पराक्रम एकदाच करायचा असतो, असं तो म्हणे. मला हायसं वाटे.

१९८६ च्या पावसाळ्यात बेळगावात आंदोलन झालं, संचारबंदी लागली आणि उठली. नंतर घराघरांतली हत्यारं नोंदवायचं काम निघालं. छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, पण एक कसोटी होती. पाच फुटांवरून झाडलेला छरा एक इंची फळीतून पार गेला तर ते हत्यार. नाही गेला तर खेळणं. कन्नड फॉर्मवर दोन रकाने होते : आयुध आणि आटिके, म्हणजे खेळणं. अण्णाने एकोणीस ओळी सुरेख अक्षरात भरल्या. अठरांपुढे खेळणं लिहिलं. डायनापुढची जागा कोरी ठेवली आणि फॉर्म घड्याळाखाली सरकवला.

“खेळणं लिहून टाक,” मी म्हणाले.

“बघू.”

“खेळणं लिवलं तर म्होरल्या खंडेनवमीला मी काय पुजू?” वहिनी म्हणाली. “लाटणं?”

मुदत दोनदा वाढली. मग चौकशीला एक पोलीस आला. त्याने अठरा बंदुका कंटाळून पाहिल्या, चहा घेतला आणि भिंतीकडे बोट केलं. “ही फळी कसली?” अण्णाला गप्प बसता आलं असतं. त्याने सगळा दसरा सांगितला. दहा पावलं, बार, धूर, जोतिबाचा सलाम. पोलिसाने मन लावून ऐकलं, दुसरा चहा घेतला आणि फळी भिंतीवरून काढून काखेत मारून नेली.

आठ दिवसांनी नोटीस आली. सोमवारी सकाळी दहाला बंदूक घेऊन चौकीवर हजर राहावं. ती खेळणं असेल तर तसं लिहून सही द्यावी. नसेल तर बिनपरवाना हत्यार ठेवल्याबद्दल सगळ्या, म्हणजे एकोणीसही, मालखान्यात जमा होतील. मालखाना म्हणजे काय हे अण्णाला माहीत होतं. कोर्टातून तिथे गेलेली लोखंडी वस्तू परत येते तेव्हा ती कसली होती हे कागद वाचून ओळखावं लागतं.

त्या आठवड्यात तो रात्रीचं जेवण अर्ध्यावर सोडून उठे, बंदुका एकेक खाली काढी, पुसून परत ठेवी. पुसून झाल्यावर भिंतीवरच्या फळीच्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसे. दोन्हीकडे सारखाच वेळ.

सोमवारी आम्ही रिक्षाने निघालो. विज्ञानाची प्राध्यापिका सोबत असेल तर बरं, म्हणून मी. बंदूक त्याच्या मांडीवर, त्याच जुन्या धोतरात. रिक्षा वळली तशी ती माझ्याकडे कलली आणि मला वास आला. मी धोतर उलगडलं. दस्त्याला ताजं कुंकू होतं. नळी वाकवून छिद्रावर करंगळी फिरवली. करंगळी ओली झाली.

“अण्णा, वहिनीने हिच्यात तेल घातलंय.”

“सकाळी पुजली तिनं. चौकीवर निघाली म्हणून.”

“त्या दसऱ्यालाही घातलं होतं.”

मग मी त्याला सगळं सांगितलं. बारा वर्षांत साठलेलं ते सांगायला मला दोन मिनिटं पुरली. एक्याण्णव मीटर, डिझेल इंजिन, बावीस मिलिमीटर, फळीवरचं पिवळं वर्तुळ. अण्णा रिक्षावाल्याच्या मानेकडे बघत होता.

“बारा वर्सं तुला म्हाईत हुतं?”

“हो.”

“आणि बोलली न्हाईस.”

“तू विचारलं नाहीस.”

“इचारलंतो की. तू म्हणालीस, चांगला हाय.” त्याने धोतर परत गुंडाळलं. “शेवंते, आज मारली तर फळी फुटंल?”

“फुटेल. आणि एकोणीस जातील. माझ्या पिशवीत कापूस आणि स्पिरिट आहे. पाच मिनिटांत कोरडी करून देते. मग फुटणार नाही, आणि सगळ्या घरी येतील. पुसू?”

“बघू.”

चौकीच्या बाकावर आम्ही दीड तास बसलो. मी तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर आलं. मग आत बोलावलं.

टेबलावर आमची फळी होती, गळ्यात तांबड्या दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. पंच म्हणून जोतिबाला आणलं होतं. तो पलटणीचा जुना कोट घालून आला होता. फौजदार तरुण होता, धारवाडकडचा.

“कुंदर्री, मॅडम,” त्याने मला खुर्ची दाखवली. मग अण्णाला म्हणाला, “तुमी कोर्टातले माणूस. तुमालाच समजत नाही म्हंजे कसं? आयुध का आटिके?”

“बघू… म्हंजे, सायेब…”

“बघू मंजे काय? बघूच आता. फळी आणा रे.”

शिपायाने कोपऱ्यातून नवी फळी आणून भिंतीला टेकवली. कसोटीची एक इंची फळी. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्यावर सफरचंदाचं चित्र अर्धं उरलं होतं. जवळ जाऊन मी पिशवीतली पट्टी लावली. सरकारी इंचही बावीस मिलिमीटरचाच निघाला.

“सही करता, का बार काढता?” फौजदाराने विचारलं.

“मार की, मेजर!” जोतिबाला राहवेना. “दावू दे सायबास्नी. सायेब, मी डोळ्यानं बगितलोय. असली बंदूक पलटणीत बी न्हाई बगा.”

अण्णाने धोतर सोडलं. खिशातून डबी काढली, एक छरा निवडला, नळीत बसवला आणि नळी वर घेतली. पाच फूट अंतर शिपायानेच मोजून खडूने रेघ मारली होती. त्या रेघेवर अण्णा उभा राहिला आणि त्याने बंदूक खांद्याला लावली. माशी त्याने बंदूक घरी आणल्या आणल्याच सरळ केली होती. तरी सवयीने त्याचा नेम आधी थोडा डावीकडे गेला आणि मग जागेवर आला.

शिपायाने कानांत बोटं घातली. फौजदार टेबलामागे एक पाऊल सरकला. जोतिबा टाचा जुळवून ताठ उभा होता. भरतीच्या मैदानावर अण्णाला जे मिळालं नव्हतं ते सगळं त्या खोलीत जमा झालं होतं : दोन वर्दीवाले, एक हवालदार, आणि त्याच्या बोटाची वाट पाहणारी शांतता. मला तळणीचा वास येत होता. माझ्या पिशवीतल्या कापसाचा आता काही उपयोग नव्हता.

मी मनात सेकंद मोजले. अकरा झाले.

अण्णाने बंदूक खाली घेतली. नळी वाकवून छरा काढला, सदऱ्याच्या खिशात टाकला. टेबलाशी जाऊन लेखणी उचलली.

“काय झालं रं मेजर?” जोतिबा म्हणाला.

फौजदाराने जुन्या फळीवर बोट ठेवलं, बरोबर छिद्रावर. “मग हे भोक कुणी पाडलं?”

अण्णाने जोतिबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोर्टात निकाल वाचून दाखवतात तितक्या स्पष्ट आवाजात तो म्हणाला,

“ते आमच्या मंडळीनं पाडलंय, सायेब. बंदुकीनं फळी फुटत न्हाय. खेळणं हाय. लिवा.”